मेंदूतलं गळू बरं होतं

पायाला गळू झालं तर देवणीतला माणूस घाबरत नाही. पोटीस बांधतो, पिकेपर्यंत कळ काढतो, फुटलं की पू पुसून कामाला लागतो. सीटी स्कॅनची फिल्म उजेडाला धरून डॉक्टर ‘मेंदूत पू झालाय’ म्हणाले की मात्र घर हादरतं. कुणी म्हणतं लातूरला नेऊ, कुणी म्हणतं थेट हैदराबादला. आणि एखादं वडीलधारं माणूस हळूच म्हणतं, आता नेऊन तरी काय उपयोग? हे शेवटचं वाक्य चुकीचं आहे, आणि ते ऐकून गाडी थांबवलेल्या घरांसाठी मला हे लिहावंसं वाटलं.

मेंदूतलं गळू, म्हणजे डॉक्टरांच्या बोलण्यातलं ‘ब्रेन अ‍ॅबसेस’, हा जीवघेणा आजार आहे, तसाच तो बरा होणाराही आहे. नेदरलँड्समधल्या ब्राउवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली जगभरातले १२३ अभ्यास एकत्र करून ९,६९९ रुग्णांचा हिशोब मांडला. त्यातून दिसलं ते असं: पन्नासेक वर्षांपूर्वी या आजारात शंभरातले चाळीस रुग्ण दगावत, आता हे प्रमाण दहाच्या आसपास आलं आहे. पूर्ण बरे होणारे पूर्वी शंभरात तेहतीस होते, ते सत्तरवर गेले. मेंदूच्या इतक्या गंभीर दुखण्यात असा फरक पडल्याची उदाहरणं थोडी आहेत.

हा फरक शस्त्रक्रियेने घडवला, अँटिबायोटिकने घडवला आणि स्कॅनने घडवला. तरी यांतल्या एकाच्याही हातात नसलेली एक गोष्ट उरते, ती म्हणजे रुग्ण दवाखान्याच्या दारात कोणत्या अवस्थेत पोचतो. बोलत, ओळखत, चालत आलेल्या रुग्णाचं भवितव्य आणि बेशुद्धीत स्ट्रेचरवरून आलेल्याचं भवितव्य यांत फार अंतर आहे. गळू तेच, जंतू तेच, औषधही तेच, आणि मधले गेलेले दिवस वेगळे. देवणीसारख्या, कर्नाटकच्या हद्दीला टेकलेल्या तालुक्यात हे दिवस कुठे जातात, ते नीट बघायला हवं.

पुष्कळदा ते कानात जातात.

आपल्याकडे ‘पोराचा कान फुटलाय’ हे वाक्य सर्दी झाल्यासारखं सहज बोललं जातं. उशीवर पिवळा डाग, कानात कापसाचा बोळा. कुणी लसूण घालून कढवलेलं तेल सोडतं, कुणी कानफुटीच्या वेलाच्या पानांचा रस पिळतं. मोठा झाला की आपोआप बंद होईल, असा सल्ला असतो. पुष्कळ मुलांचा कान खरंच बरा होतो, त्यामुळे या सल्ल्यावरचा विश्वास टिकून राहतो. ज्यांचा होत नाही त्यांच्यात दोन तऱ्हा असतात, आणि घरच्यांनी ओळखायला शिकावं ते हेच. एका तऱ्हेत पडद्याच्या मधोमध छिद्र असतं, सर्दी झाली की भरपूर, चिकट, वास नसलेला स्राव येतो. या कानाने ऐकू कमी येतं, पण तो सहसा जिवावर उठत नाही. दुसऱ्या तऱ्हेत स्राव अगदी थोडा असतो, पण त्याला कुजका, शेजारी बसणाऱ्याला जाणवेल असा वास येतो. आत कोलेस्टिअटोमा नावाची त्वचेच्या पेशींची पिशवी वाढत असते आणि ती भोवतालचं हाड हळूहळू खात जाते. पू थोडा म्हणून घरचे निर्धास्त असतात, आणि नेमका हाच कान धोक्याचा.

मधल्या कानाच्या छताचं हाड अतिशय पातळ असतं. त्याच्या वर मेंदूचा कानशिलाकडचा भाग टेकलेला असतो, मागच्या बाजूला लहान मेंदू. छत झिजलं की जंतूंना वाट मिळते. कधी हाडातून थेट, कधी तिथल्या बारीक शिरांमधून उलट्या दिशेने. म्हणून कानातून सुरू झालेलं गळू बहुधा या दोनच जागी सापडतं. डॉक्टरही म्हणूनच मेंदूच्या स्कॅनसोबत कानाच्या मागच्या हाडाचा स्कॅन मागवतात. वर्षानुवर्षं वाहणारा कान अचानक कोरडा झाला आणि त्याच सुमारास डोकं दुखू लागलं, उलट्या सुरू झाल्या, तर कान बरा झाला असं समजू नये.

ऑस्कर वाइल्ड हा इंग्रजीतला मोठा नाटककार ३० नोव्हेंबर १९०० रोजी पॅरिसमध्ये गेला. कानाच्या जुन्या दुखण्यातून मेंदूपर्यंत पोचलेला संसर्ग हे त्याच्या मृत्यूचं कारण असल्याचं मत वैद्यकीय अभ्यासकांनी मांडलं आहे. मरणापूर्वी काही आठवडे त्याच्या कानावर शस्त्रक्रियाही झाली होती. त्याचे वडील विल्यम वाइल्ड हे डब्लिनमधले आपल्या काळातले नामांकित कानाचे सर्जन होते. तेव्हा हे दुखणं गरिबाचं किंवा अडाण्याचं म्हणून बाजूला सारण्याजोगं नाही.

अर्थात कान ही एकच वाट नव्हे. कपाळामागच्या सायनसमधला पू किंवा वरच्या दाढेच्या मुळाशी साचलेला पू मेंदूच्या पुढच्या भागात जातो. फुप्फुसातला जुना संसर्ग, हृदयाच्या झडपेवर बसलेले जंतू रक्तातून येतात आणि एकाऐवजी अनेक ठिकाणी गळवं करतात. डोक्याला मार लागून कवटी फुटली असेल तर तिथूनही जंतू आत जातात. बऱ्याच रुग्णांत सगळं तपासूनही मूळ सापडत नाही.

एक वाट मात्र लहान मुलांची आहे आणि तिच्याबद्दल थांबून सांगायला हवं. काही बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. त्यांतला ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ हा सगळ्यात ओळखीचा. ओठ आणि नखं निळसर, खेळताना धाप, दम लागला की मूल उकिडवं बसतं. या हृदयात अशुद्ध रक्ताचा काही भाग फुप्फुसात न जाता सरळ शरीरात जातो. दात घासताना किंवा लहानशा जखमेतून रक्तात गेलेले जंतू फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांमध्ये अडकून तिथेच संपतात, ही रोजची गोष्ट. या मुलांत ही गाळणी टळते. शिवाय प्राणवायू कमी म्हणून त्यांचं रक्त घट्ट झालेलं असतं, मेंदूत ते जागोजागी अडतं, आणि अडलेल्या जागी जंतूंना घर मिळतं. म्हणून निळसर मुलाचं डोकं दुखणं हे साधं डोकं दुखणं मानायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं.

जंतू मेंदूत पोचल्यावर काय होतं, याचं वेळापत्रक ब्रिट आणि एन्झमन या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोगांतून मांडलं. पहिले तीन दिवस नुसती सूज असते. चौथ्या ते नवव्या दिवसात सुजेच्या मध्यभागी मेंदूचा भाग मरून पू होऊ लागतो. दहाव्या दिवसाच्या आसपास शरीर त्याच्याभोवती वेष्टन उभारू लागतं, फुटलेल्या पाण्याला शेतकऱ्याने घाईने बांध घालावा तसं. दोन आठवड्यांनंतर हे वेष्टन पक्कं होतं. आतल्या बाजूला, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीकडे, रक्तपुरवठा कमी असल्याने ते तुलनेने पातळ राहतं, आणि सगळ्यात मोठा धोका तिथेच असतो. त्या बाजूने गळू पोकळीत फुटलं तर रुग्ण काही तासांत खचतो, आणि मृत्यूचं प्रमाण अनेक पटींनी वाढतं.

या काळात बाहेर काय दिसतं? ‘डोकं लई दुखायलंय’, बस्स. कधी नुसतं एवढंच. पुस्तकात ताप, डोकेदुखी आणि एका बाजूचा अशक्तपणा अशी तीन लक्षणं एकत्र लिहिलेली असतात, पण ब्राउवर यांच्या त्या मोठ्या अभ्यासात ही तिन्ही एकत्र असलेले रुग्ण पाचांत एकच निघाले. ताप तर जेमतेम निम्म्यांना होता. म्हणून ‘ताप नाही, म्हणजे जंतू नाहीत’ हा हिशोब इथे लागू पडत नाही. फिट साधारण चौघांतल्या एकाला येते. कानशिलाच्या भागात गळू असेल तर माणूस ओळखीच्या वस्तूंची नावं विसरतो, समोरचा तांब्या बघून ‘ते, ते दे’ म्हणतो. लहान मेंदूत असेल तर चालताना झोक जातो, गरगरतं. पुढच्या भागात असेल तर स्वभाव बदलतो, माणूस गप्प होतो किंवा नको ते बोलतो, आणि घरचे वैद्याऐवजी दुसरीकडे धावतात.

इथे आपल्या भागातले दोन अडथळे स्पष्ट बोलायला हवेत. पहिला, फिट आली की कांदा हुंगवणं, चप्पल नाकाशी धरणं, बाहेरची बाधा समजून दोरा बांधायला नेणं. झटका दोन-तीन मिनिटांत बहुधा आपोआप थांबतो, म्हणून कांद्याला श्रेय मिळतं आणि आठवडा निघून जातो. फिट आलेल्याला कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, आणि थांबल्यावर दवाखाना गाठावा, एवढंच करायचं असतं.

दुसरा अडथळा जास्त अवघड आहे, कारण तो उपचारासारखा दिसतो. डोकं दुखतं म्हणून गावात सलाइन लावलं जातं, त्यातून एखादं अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन दिलं जातं. या दुसऱ्या औषधाने मेंदूची सूज खरोखर उतरते. रुग्ण दोन दिवस उठून बसतो, जेवतो, आणि घरच्यांना वाटतं सुटलो. आतला पू मात्र तसाच असतो, वर अर्धवट अँटिबायोटिकमुळे पुढे पू तपासायला गेल्यावर जंतू उगवत नाहीत. तेव्हा आठवडाभर वाढत गेलेली डोकेदुखी, सकाळची उलटी, पहिल्यांदाच आलेली फिट, एका हातातली ताकद कमी होणं, यांतलं काहीही असेल तर आणखी एक सलाइन मागू नका, स्कॅन कुठे होईल ते विचारा. देवणीहून ही वाट उदगीर आणि मग लातूर अशी जाते. जुन्या निजामी दिवसांपासूनची सवय म्हणून काही घरं बिदर किंवा हैदराबादकडे वळतात. कुठेही जा, पण रुग्णाचा कान फुटतो का, हृदय तपासायला सांगितलं होतं का, कोणती इंजेक्शनं झाली, याचे कागद सोबत न्या. डॉक्टरांना त्यातून अर्धं उत्तर मिळतं.

आता उपचाराकडे. आणि तो जिथे सुरू झाला ती गोष्ट आधी सांगतो, कारण ती अगदी आपल्या घरातली वाटते.

१८७६ साली ग्लासगोमध्ये विल्यम मॅकेवन या तरुण सर्जनपुढे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. उजव्या अंगाला झटके येत होते आणि वाचा गेली होती. बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात असतं, हे ब्रोका या डॉक्टरने काही वर्षांपूर्वीच दाखवलं होतं. एक्स-रे निघायला अजून एकोणीस वर्षं होती, अँटिबायोटिक तर दूरच. मॅकेवनने नुसत्या लक्षणांवरून सांगितलं की गळू अमुक जागी आहे, कवटीला छिद्र पाडून पू काढू द्या. परवानगी मिळाली नाही. मुलगा गेला. मृत्यूनंतर तपासायची मुभा मिळाली तेव्हा गळू त्याने सांगितलेल्या जागीच निघालं. मॅकेवन थांबला नाही. १८९३ साली त्याने या रोगावर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मेंदूतल्या गळवाच्या १९ रुग्णांवर केलेल्या शस्त्रक्रियांची नोंद आहे. त्यांतले १८ वाचले. स्कॅन नाही, पेनिसिलिन नाही. फक्त सर्जन लिस्टरने शिकवलेली स्वच्छता, अचूक निदान आणि वेळेवर काढलेला पू. ‘डोक्याचं ऑपरेशन नको’ म्हणणाऱ्या नातेवाइकांना मला हा आकडा सांगावासा वाटतो.

मॅकेवनच्या हातात जे नव्हतं ते पुढे आलं. १९४० च्या दशकात पेनिसिलिन, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या एका रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफिल्डच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन. गळवं किती आहेत, केवढी, कुठे, हे कवटी न उघडता दिसू लागलं. या आजारातले मृत्यू झपाट्याने उतरू लागले ते त्यानंतर.

स्कॅनवर गळू कडीसारखं दिसतं, मधे काळं आणि भोवती उजळ कडा. भारतात मात्र कडी दिसली की ती गळवाचीच, असं नसतं. क्षयाची गाठ आणि टेपवर्मच्या अंड्यांमुळे होणारी न्यूरोसिस्टिसर्कोसिस हीसुद्धा अशीच दिसतात, आणि फिट येणाऱ्या तरुण रुग्णांत आपल्याकडे ती गळवापेक्षा जास्त सापडतात. काही कर्करोगही असेच दिसतात. म्हणून एमआरआय मागवतात. त्याच्या डिफ्यूजन नावाच्या चित्रात घट्ट पू चमकतो आणि फरक बऱ्याच अंशी कळतो. ‘पाठीतलं पाणी काढून बघा की’ असं नातेवाईक विचारतात, कारण मेंदूज्वरात ते काढलेलं त्यांनी पाहिलेलं असतं. गळवात मात्र कवटीतला दाब वाढलेला असतो. खालून पाणी काढलं तर मेंदू खाली सरकून श्वासाचं केंद्र दाबलं जाऊ शकतं. डॉक्टर ते टाळतात ते रुग्णाच्या हितासाठीच.

अडीच सेंटीमीटरपेक्षा मोठं गळू साधारणपणे नुसत्या औषधाने बरं व्हायची वाट बघत नाहीत. कवटीला लहान छिद्र पाडतात, स्कॅनवर मोजून ठरवलेल्या दिशेने सुई आत नेतात आणि पू ओढून घेतात. याने दोन कामं एकदम होतात. दाब उतरतो, आणि जंतू हाती लागतो. बाहेर आलेला पू साध्या जंतूंसाठी, हवेशिवाय वाढणाऱ्या जंतूंसाठी, क्षयासाठी आणि बुरशीसाठी तपासायला जातो. पू पुन्हा साचू शकतो, मग पुन्हा सुई घालावी लागते. दुसऱ्यांदा ऑपरेशन सांगितलं म्हणजे पहिलं फसलं, असं घरच्यांनी समजू नये. वेष्टनासकट अख्खं गळू काढायची वेळ काही ठराविक प्रसंगी येते: लहान मेंदूतलं मोठं गळू, आत अनेक कप्पे असलेलं, मार लागून हाडाचा तुकडा आत अडकलेलं, बुरशीचं, किंवा सुईला न दबणारं. लहान, खोल किंवा अनेक ठिकाणी विखुरलेली गळवं असतील तर कधी फक्त औषधांवर भागवतात आणि वारंवार स्कॅन करून लक्ष ठेवतात.

रुग्ण शुद्धीत असेल आणि एका दिवसाच्या आत पू काढता येणार असेल तर काही वेळा डॉक्टर पू हाती येईपर्यंत अँटिबायोटिक थांबवून ठेवतात. नातेवाइकांना हे समजत नाही, राग येतो. पण आधी औषध, मग पू, असं केलं की जंतू ओळखण्याची संधी जाऊ शकते, आणि मग पुढचे कित्येक आठवडे अंदाजाने औषध द्यावं लागतं. रुग्ण गंभीर असेल तर मात्र कुणी थांबत नाही.

सुरुवातीला बहुधा दोन औषधं असतात. एक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखं, मेंदूपर्यंत चांगलं पोचणारं इंजेक्शन. दुसरं मेट्रोनिडाझोल. हे नाव ऐकून लोक चकित होतात, कारण मेट्रोजिल किंवा फ्लॅजिल म्हणून जुलाबाची ती गोळी घरोघरी असते. गळवात प्राणवायू नसतो, तिथे हवेशिवाय वाढणारे जंतू माजतात, आणि मेट्रोनिडाझोल पुवात शिरून त्यांनाच मारतं. हा गुण सापडला तोही योगायोगाने: १९६२ मध्ये दुसऱ्याच आजारासाठी हे औषध घेणाऱ्या रुग्णाच्या हिरड्यांचा रोग बरा झाल्याचं लक्षात आलं. ऑपरेशननंतर किंवा जखमेतून झालेलं गळू असेल तर व्हॅन्कोमायसिनसारखं औषध जोडतात. पुवाचा अहवाल आला की औषध त्यानुसार बदलतं. क्षय निघाला तर क्षयाचा लांबचा उपचार, बुरशी निघाली तर अँफोटेरिसिनसारखं औषध. २०२१ च्या कोरोना लाटेत मधुमेही रुग्णांच्या नाकातून डोळ्यात आणि मेंदूत चढलेली म्युकरमायकोसिस महाराष्ट्राने पाहिली. ती बुरशी साध्या अँटिबायोटिकला दाद देत नाही.

आणि मग येते सगळ्यात कठीण गोष्ट, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: सहा ते आठ आठवडे शिरेतून इंजेक्शन. अलीकडच्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही सुईने पू काढलेल्या रुग्णाला एवढाच काळ सांगितला आहे, आणि गळू पूर्ण काढलं असेल तर चार आठवडे. मेंदूत औषध पोचायला रक्त आणि मेंदू यांच्यामधली नैसर्गिक भिंत आडवी येते, पुवाच्या आंबट वातावरणात कित्येक औषधं मंदावतात, वेष्टनातून आत जाणारं औषध थोडं असतं. म्हणून मात्रा मोठी आणि मुदत लांब.

दहाव्या दिवशी ताप नसतो, डोकं दुखत नाही, रुग्ण घरी जायचं म्हणतो. सोयाबीनची काढणी आलेली असते, दावणीला जनावरं असतात, सोबत राहणाऱ्याची मजुरी बुडते. ‘आता बराच आहे की, गोळ्या द्या’ ही मागणी मनापासून येते आणि तिच्यामागची अडचण खरी असते. म्हणूनच डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी ‘हे दीड-दोन महिन्यांचं काम आहे’ असं सांगायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. आधी सांगितलं तर घर व्यवस्था लावतं, पाहुण्यांना बोलावतं, पाळ्या ठरवतं. दर काही दिवसांनी ‘अजून आठवडा’ असं ऐकलेलं घर तिसऱ्या आठवड्यात गाठोडं बांधतं. काही ठिकाणी पहिला धोक्याचा काळ सरल्यावर जवळच्या दवाखान्यात रोजचं इंजेक्शन देण्याची सोय करून देतात. अशी सोय उदगीरला किंवा देवणीच्या सरकारी दवाखान्यात होईल का, हे सुट्टी मागण्याआधी विचारावं. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे.  रुग्णालयातल्या या योजनेच्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच भेटावं. राज्याबाहेर निघणार असाल तर तिथलं रुग्णालय योजनेच्या यादीत आहे का, हे निघण्यापूर्वी विचारावं.

मेट्रोनिडाझोल इतके आठवडे चाललं की काहींच्या पायांना मुंग्या येतात, तळवे जळजळतात. हे लपवू नये, डॉक्टरांना सांगावं. औषध चालू असताना दारू पूर्ण वर्ज्य.

गळवाचा पू काढला, औषध पूर्ण झालं, पण कान तसाच वाहतोय, तर काम अर्धं झालं. हाड खाणाऱ्या कानाची मॅस्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची, शस्त्रक्रिया त्याच मुक्कामात किंवा तब्येत स्थिरावल्यावर लगेच करून घ्यावी लागते. सडका दात काढावा लागतो, हृदयाच्या दोषाची दुरुस्ती ठरवावी लागते. मुळातलं दुखणं ठेवलं तर गळू परत येऊ शकतं. हे सगळं गळू होण्याआधीच सापडावं अशी एक व्यवस्था आपल्याकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम ६ फेब्रुवारी २०१३ रोजी महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलं तपासतात. वाहणारा कान, जन्मजात हृदयदोष आणि किडलेले दात ही तिन्ही त्यांच्या तीस आजारांच्या यादीत आहेत. पथक येणार त्या दिवशी मुलाला शेतात नेऊ नका, आणि कान वाहतो हे अंगणवाडीतल्या किंवा शाळेतल्या बाईंना आधीच सांगून ठेवा. फुटलेल्या कानाचं मूल उन्हाळ्यात विहिरीत पोहायला उतरवू नका.

बरं झाल्यावर काय उरतं? पुष्कळांत काहीच नाही. हातापायाचा अशक्तपणा व्यायामाने महिनोन्महिने सुधारत राहतो, वाचा हळूहळू परतते. मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेवावं लागतं. स्कॅनवरची कडी औषध संपल्यानंतरही काही महिने दिसत राहते, त्यामुळे अहवालातला एकच शब्द वाचून घाबरू नये. रुग्ण ठीक असेल आणि कडी आक्रसत असेल तर बहुधा ती भरत आलेल्या जखमेची खूण असते.

टिकून राहणारा त्रास म्हणजे फिट. चौघा-पाचांतल्या एकाला, काही अभ्यासांत तिघांतल्या एकाला नंतर अपस्मार जडतो, कधी वर्षभराने सुद्धा. त्यासाठी रोजची गोळी लागते आणि ती नियमित घेतली तर बहुतेकांच्या फिट थांबतात. आपल्याकडे ही गोळी लपवली जाते, मुलीची तर जास्तच. लग्न ठरत आलं की डबी कपाटात जाते, आणि सासरी पहिल्याच दगदगीत झटका येतो. अचानक बंद केलेल्या गोळीने येणारी फिट जास्त वेळ चालणारी, जास्त धोक्याची असू शकते. गोळी कधी कमी करायची हे मेंदूरोगतज्ज्ञच ठरवतात, बहुधा दोनेक वर्षं फिट नसल्यावर आणि स्कॅन बघून. मुलीला दिवस राहण्याची शक्यता असेल तर गोळी बंद करण्याऐवजी आधीच डॉक्टरांना भेटून सुरक्षित औषध निवडून घ्यावं. तोवर ट्रॅक्टर आणि मोटारसायकल दुसऱ्याने चालवायची, विहिरीवर एकट्याने जायचं नाही, मळणी यंत्राशी उभं राहायचं नाही, चुलीपाशी सोबतीला कुणीतरी असावं. बाकी शेत, शाळा, नोकरी, संसार यांतलं काही सोडायची गरज नसते.